आढावा की यादी? प्रकल्पातल्या दुसऱ्या प्रकरणाविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. प्रकल्पातलं दुसरं प्रकरण, ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’. कुणी त्याला ‘संबंधित साहित्याचा आढावा’ म्हणतं, कुणी सरळ ‘लिटरेचर रिव्ह्यू’. नवीन शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गातही फील्ड प्रोजेक्ट आला, पदव्युत्तरला संशोधन प्रकल्प आला. त्यामुळे पूर्वी जे प्रकरण पीएच.डी.वाल्यांच्या वाट्याला यायचं, ते आता विशीतल्या मुलामुलींच्या वाट्याला आलं आहे. ते लिहिलं जातं, स्पायरल बाइंडिंग होतं, तोंडी परीक्षा होते, आणि प्रत विभागाच्या कपाटात जाते. आम्ही आज त्या कपाटातल्या लेखनाकडे समीक्षेच्या नजरेनं पाहणार आहोत. कवितेची, कादंबरीची समीक्षा होते, मग या लेखनाची का होऊ नये? आपल्याकडे दर वर्षी हजारो पानं या प्रकारात लिहिली जातात, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी शब्दाचा घोळ बघू. इंग्रजीतल्या ‘लिटरेचर’चा आपण ‘साहित्य’ असा अनुवाद केला आणि मराठी विभागातल्या विद्यार्थ्याची पंचाईत झाली. त्याच्यासाठी साहित्य म्हणजे कथा, कविता, कादंबरी. मग तो ‘साहित्याचा आढावा’ या प्रकरणात लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्यांची कथानकं लिहून मोकळा होतो. त्यात त्याचं काही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, शब्दानंच त्याला तिकडे पाठवलं. इथे साहित्य म्हणजे आपल्या प्रश्नावर आपल्या आधी ज्यांनी विचार केला त्यांचं लेखन. म्हणून ‘पूर्वसंशोधन’ हा शब्द बरा. आणि ‘आढावा’ हा शब्द तर फारच चांगला आहे. तो आपण जमाखर्चालाही वापरतो. काय जमा झालं, काय खर्ची पडलं, हातात शिल्लक काय उरलं. दुकानदार आढावा घेतो तेव्हा फळीवरच्या डब्यांची नावं वाचून थांबत नाही. डबा उघडून आत किती आहे ते बघतो.

आपल्या प्रकल्पांत मात्र डब्यांची नावंच असतात. नमुना तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ‘अमुक यांनी अमुक साली अमुक ग्रंथ लिहिला. या ग्रंथात सात प्रकरणे आहेत. प्रस्तुत ग्रंथ अभ्यासकांना उपयुक्त आहे.’ मग पुढचा परिच्छेद, पुढचे तमुक, पुन्हा तेच. रेल्वेच्या डब्यांसारखे परिच्छेद एकामागे एक जोडलेले, आणि इंजिन कुठे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. दहा-बारा पानांनंतर एक वाक्य हमखास येतं: ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’ अहो, मग वरची बारा पानं कशाची होती? आणि काही झालंच नाही तर आढावा कशाचा घेतला? हा अंतर्विरोध कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही वाक्यं परंपरेनं आलेली असतात. ती लिहायची असतात म्हणून लिहिली जातात.

हे नुसतं हवेत बोलून उपयोग नाही. एक उदाहरण घेऊ आणि त्यावरच थांबू. समजा, तुमचा विषय आहे ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. विषय अभ्यासक्रमात असतो, आवडीचा आहे, आणि त्यावर प्रकल्पही पुष्कळ होतात.

मूळ गोष्ट थोडक्यात अशी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती कमी करण्यात आली. त्या निमित्तानं वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर चिखलफेक सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी हा निबंध लिहिला. तो १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. आज ताराबाईंचं एवढं एकच पुस्तक आपल्याला ठाऊक आहे. पुढे ते मागे पडलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. १९९१ मध्ये सूसी थारू आणि के. ललिता यांच्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’च्या पहिल्या खंडात त्याचा काही भाग इंग्रजीत आला. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी इंग्रजी अनुवाद दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला.

आता यावरचा आढावा प्रकल्पांत कसा येतो? दोन वाक्यं जवळजवळ सगळीकडे सापडतात. एक, ‘ताराबाई शिंदे या भारतातील पहिल्या स्त्रीवादी लेखिका होत.’ दोन, ‘हे पुस्तक तब्बल ९३ वर्षे विस्मृतीत गेले होते.’ आम्ही या दोन वाक्यांना धरून बसतो, कारण आढावा म्हणजे काय हे यांच्यावरूनच उत्तम कळतं.

पहिलं वाक्य घ्या. ‘पहिल्या’ म्हणजे कशात पहिल्या? सावित्रीबाई फुल्यांचं ‘काव्यफुले’ १८५४ चं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये आला. त्यात तिनं आपल्या जातीतल्या बायकांच्या बाळंतपणातल्या हालांबद्दलही लिहिलं आहे. मग पहिली कोण? कुणी म्हणेल, संपूर्ण पुस्तक असं ताराबाईंचं पहिलं. बरं. पण १८८२ मध्ये, पुण्यातच, पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ही निघालं. कुणी म्हणेल, ते स्त्रियांना उपदेश करणारं पुस्तक आहे, पुरुषांना जाब विचारणारं नाही. हा झाला खरा मुद्दा! आता तुम्ही ‘पहिली’वरून ‘वेगळी कशी’वर आलात. शर्यतीतला नंबर सोडून तुम्ही दोन पुस्तकं शेजारी ठेवलीत. एकाच वर्षी, एकाच शहरातून, दोन बायकांची दोन पुस्तकं निघतात. एक स्त्रियांना सांगतं, शिका, स्वतःला घडवा. दुसरं पुरुषांना विचारतं, जे दोष आमच्यावर लादता ते तुमच्यात नाहीत का? या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत एक सबंध प्रकल्प बसतो. ‘पहिल्या स्त्रीवादी लेखिका’ या वाक्याखाली ती जागा झाकली जाते.

दुसरं वाक्य. १८८२ पासून १९७५ पर्यंत ९३ वर्षं होतात, वजाबाकी बरोबर आहे. पण विस्मृती लगेच सुरू झाली का? जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पहिल्यात पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यावरून उठलेल्या गदारोळात त्यांची बाजू घेतली आहे. दुसऱ्यात ताराबाईंच्या पुस्तकाची बाजू घेतली आहे. आपल्याच वर्तुळातल्या ज्या पुरुषांना ते पुस्तक झोंबलं, त्यांनाही फुल्यांनी सुनावलं. म्हणजे पुस्तकाकडे दुर्लक्ष झालं नव्हतं. ते वाचलं गेलं, अंगाला लागलं, त्यावर वाद झाला, आणि मग ते बाजूला पडलं. विसरणं वेगळं आणि बाजूला टाकणं वेगळं. प्रकल्पात ‘विस्मृतीत गेले’ असं लिहिलं की कुणाचीच जबाबदारी राहत नाही. जणू पुस्तक आपलं आपणच चालत जाऊन कुठेतरी हरवलं.

आणखी एक धागा बघा. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ १९६९ मध्ये निघालं. संपादक होते धनंजय कीर आणि स. गं. मालशे. त्यानंतर सहा वर्षांनी तेच मालशे ताराबाईंचं पुस्तक पुन्हा छापतात. फुल्यांच्या लेखनाशी इतका जवळचा संबंध असलेला माणूस ताराबाईंपर्यंत पोचला, हा योगायोग मानायचा की वाट मानायची? आमच्या मते, या दोन कामांमधलं नातं तपासणं हाच पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रश्न आहे. याच मालशे सरांनी ‘शोधनिबंधाची लेखनपद्धती’ हे छोटं पुस्तकही लिहिलं. आपल्या विभागांत ते पिढ्यान्‌पिढ्या सुचवलं जातं. विद्यार्थी त्यातून तळटीप कशी द्यायची ते शिकतात. स्वल्पविराम कुठे, प्रकाशनवर्ष कुठे, सगळं. पण तळटीप कशासाठी असते हे शिकायचं असेल तर मालशे सरांचं ते दुसरं काम बघावं. तळटिपेचा माग काढत गेलं की पुस्तक सापडतं, आणि पुस्तकामागे उभं असलेलं माणूस सापडतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण शोधायचं कसं? चार महिने हातात, कॉलेजचं ग्रंथालय लहान. तर थोडं व्यवहाराचं बोलू.

शोध नेहमी दोन दिशांनी करायचा, मागे आणि पुढे. हातात आलेला सगळ्यात अलीकडचा चांगला लेख घ्या आणि त्याच्या तळटिपांतून मागे जा. मग एखादा जुना महत्त्वाचा ग्रंथ घ्या आणि त्याचा उल्लेख नंतर कुणी केला ते पाहत पुढे या. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. ग्रंथपालाला विचारा. हल्ली तिच्यावर धूळ असते, पण धूळ झटकता येते. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. तिथे एक अडचण लक्षात ठेवा. पुष्कळ मराठी प्रबंध पानांचे फोटो काढल्यासारखे स्कॅन करून चढवलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर शोधात येईलच असं नाही. शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असतं. ‘स्त्रीपुरुष तुलना’ एका शब्दात, दोन शब्दांत, मध्ये आडवी रेघ देऊन, असं सगळ्या तऱ्हांनी शोधा. एकदा शोधून मिळालं नाही म्हणून ‘संशोधन झालेले नाही’ असं लिहू नका. ‘आम्ही अमुक ठिकाणी, अमुक शब्दांनी शोधलं, तेव्हा इतकं मिळालं’ असं लिहा. हे वाक्य दिसायला साधं आहे, पण ते खरं असतं, आणि वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं.

शोधताना प्रत्येक लेखनाला तीन प्रश्न विचारा. याला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं? यानं कशाच्या आधारावर सांगितलं? आणि हा कुठे थांबला? वहीत तीन रकाने करा आणि भरत जा. रकाना भरता आला नाही तर ते पुस्तक तुम्ही अजून वाचलेलं नाही असं समजा. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका बघणं म्हणजे वाचणं नव्हे. आणि चाळीस नावांपेक्षा सहा वाचलेली पुस्तकं केव्हाही चांगली.

हल्ली एक नवी सोय झाली आहे. यंत्राला विचारलं की ते क्षणात दहा संदर्भ देतं. लेखकाचं नाव, साल, प्रकाशक, सगळं नीटनेटकं. त्यातले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तरी ते प्रकल्पांत येतात. पण आमचं म्हणणं असं की यंत्र ही सवय घेऊन आलेलं नाही. न पाहिलेल्या पुस्तकाचा संदर्भ देणं आपल्याकडे यंत्राच्या आधीपासून चालत आलं आहे. एकाच्या संदर्भसूचीतून दुसऱ्यानं उचलायचं, दुसऱ्याच्या यादीतून तिसऱ्यानं. मधे एखादं साल चुकलं तर ते चुकलेलं साल पुढे वारशानं जातं. उपाय जुनाच आहे: हातात घेतलं नाही त्याचा संदर्भ द्यायचा नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातून कळलं असेल तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं स्पष्ट लिहायचं. त्यात कमीपणा नाही.

उचलेगिरीबद्दलही एक बोलायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्याच्या टक्केवारीनुसार पायऱ्या ठरवल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. नियमाचा हेतू चांगला. पण त्याचा परिणाम काय झाला? विद्यार्थी वाक्यातले शब्द फिरवायला शिकले. ‘महत्त्वपूर्ण’च्या जागी ‘मोलाचे’, ‘योगदान’च्या जागी ‘कामगिरी’. सॉफ्टवेअर समाधानी, विचार मात्र जिथल्या तिथे. ‘पहिल्या स्त्रीवादी लेखिका’ हे वाक्य शब्द बदलून हजार वेळा लिहिलं तरी टक्केवारी शून्य येऊ शकते. वाक्य उसनं आहे की नाही हे टक्केवारी सांगेल, विचार उसना आहे की नाही हे माणसालाच सांगावं लागतं. म्हणून तोंडी परीक्षेत ‘किती संदर्भ दिलेत?’ हा प्रश्न बंद व्हावा आणि ‘यातल्या कुणाशी तुमचं पटत नाही?’ हा सुरू व्हावा. या प्रश्नाला उत्तर असेल तर त्या विद्यार्थ्यानं आढावा घेतलेला आहे.

मग चांगला आढावा दिसतो कसा? एक छोटा परिच्छेद आम्ही नमुन्यादाखल तयार केला आहे. ऐका:

‘स्त्रीपुरुष तुलना’विषयीच्या लेखनात दोन टप्पे दिसतात. १८८५ मध्ये फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली, तेव्हा ते चालू वादातले पुस्तक होते. १९७५ च्या पुनर्मुद्रणानंतर ते इतिहासातला दस्तऐवज म्हणून वाचले जाऊ लागले, आणि इंग्रजी अनुवादांमुळे त्याचा वाचकवर्ग महाराष्ट्राबाहेर गेला. दुसऱ्या टप्प्यात पुस्तकाच्या विचाराची चर्चा ठळक आहे. प्रस्तुत प्रकल्प त्याच्या भाषेकडे, विशेषतः त्यातील म्हणी, टोमणे आणि घरगुती बोलीकडे पाहतो.

बस, एवढंच. पाच वाक्यं. यात एकाही ग्रंथाला ‘उपयुक्त’ म्हटलेलं नाही. पण आधी काय झालं, मग काय बदललं आणि मी कुठे उभा आहे किंवा उभी आहे, हे तिन्ही कळतं. याला दहा पानं लागत नाहीत. पानांची अट घालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

यावर एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकू येतो, आणि तो खरा आहे. गावाकडच्या कॉलेजातल्या मुलीनं हे सगळं करायचं कसं? ओ’हॅन्लन यांचं पुस्तक तिथल्या ग्रंथालयात नसणार, असलं तरी इंग्रजीची भीती. मुंबई-पुण्याच्या ग्रंथसंग्रहालयांत जायचं तर गाडीभाडं. मार्गदर्शकाकडे बारा-पंधरा प्रकल्प. हे सगळं मान्य. पण याचं उत्तर यादी वाढवणं हे नाही. तिच्याकडे मूळ पुस्तक असेल, मालशे सरांची प्रस्तावना असेल, फुल्यांचं समग्र वाङ्मय तर आता सहज मिळतं, आणि रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’. चार पुस्तकं झाली. या चारांवर तिनं प्रामाणिकपणे तीन रकाने भरले, तर तो आढावा चाळीस नावांच्या यादीहून सरस होईल. आणि लक्षात घ्या, ताराबाई स्वतः वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. पुण्यापासून लांब बसून, हाताला लागेल ते वाचून त्यांनी लिहिलं.

काय वाचून लिहिलं, तेही बघण्यासारखं आहे. त्या निबंधात ताराबाई पुराणकथा काढतात, देवांच्या आणि ऋषींच्या वागण्यावर बोट ठेवतात. इतकंच नाही, तर त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्यांचा समाचार घेतात. पुरुषांनी बायकांबद्दल काय काय लिहून ठेवलं आहे ते सगळं त्या समोर मांडतात आणि विचारतात, यात तुम्ही स्वतःबद्दल काय लिहिलंत? म्हणजे बघा, आधीच्यांनी काय म्हटलं, कशाच्या जोरावर म्हटलं आणि काय सोयीस्करपणे सोडून दिलं, हे आपण मघाशी सांगितलेले तिन्ही रकाने ताराबाईंनी भरलेले आहेत. त्यांना ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हा शब्द माहीत नव्हता. पण एका बाईच्या फाशीच्या शिक्षेवरून सगळ्या बायकांना नावं ठेवली जात होती, आणि उत्तर द्यायचं तर आधी काय लिहिलं गेलंय ते वाचणं भाग होतं.

आपल्या प्रकल्पांत नेमकं हेच हरवलं आहे. विद्यार्थ्याला वाटतं, आढावा म्हणजे थोरामोठ्यांना नमस्कार करून पुढे जाणं. नमस्कार करावा, त्याला आमची ना नाही. पण नमस्कार करून झाल्यावर त्यांच्यासमोर बसायचं आणि विचारायचं, तुम्ही हे का म्हणालात? आणि अमुक का नाही म्हणालात? ताराबाईंवरच्या प्रकल्पात ताराबाईंचा हा गुण तरी यायला हवा, नाही का?

पुढच्या व्याख्यानाला येणाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्या विषयावरचं, सगळीकडे येणारं एक वाक्य शोधा. ‘पहिले’, ‘एकमेव’, ‘दुर्लक्षित’, ‘विस्मृतीत गेलेले’, असं काहीतरी त्यात असेल. ते वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं, कधी आणि कशाच्या आधारावर, एवढंच शोधून या. पोचलात तर सांगा, आणि नाही पोचलात तर कुठे अडलात ते सांगा. त्यावरच पुढे बोलू.